गावी फॅक्टरीत बनवलेलं घर बसवावं का? खर्च आणि अनुभव हवेत

कातळसडा | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत गावठाणातली जागा आहे. जुन्या मातीच्या घराची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली, पुढचा भाग कसाबसा उभा आहे. आईबाबांना गणपतीपासून शिमग्यापर्यंत तिथेच राहायचं असतं, त्यामुळे डागडुजीवर भागणार नाही. मी पुण्यात, भाऊ ठाण्यात. रोज उभं राहून काम करून घ्यायला कुणी नाही. चिरा (जांभा दगड) मिळाला तर वाळू नाही, वाळू आली तर गवंडी दुसऱ्याच्या कामावर.

म्हणून कारखान्यात तयार करून जागेवर जोडतात त्या (प्रीफॅब) घरांची चौकशी केली. ६४० चौरस फूट, दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, पुढे पडवी. हातात तीन कोटेशनं आहेत:

१) एलजीएसएफ, म्हणजे पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी सिमेंट फायबर बोर्ड, मध्ये रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारा दगडी तंतूंचा थर: चौरस फुटाला १,६५० रु.
२) लोखंडी सांगाडा आणि ५० मिमी जाडीची पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेली: १,२५० रु.
३) गावातला ठेकेदार, चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब: २,१०० रु.

पहिला विक्रेता ४५ दिवसांत चावी देतो म्हणतो. बाबांचा साफ विरोध आहे, 'पत्र्याच्या डब्यात राहायला मी कामगार आहे का' असं म्हणाले. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात असं घर कुणी वापरलंय का? आणि हे आकडे कितपत खरे धरायचे?

झंप्या | शनिवार, १०:२०

४५ दिवसांत चावी नक्की मिळेल. कुलूप कुठे लावायचं ते नंतर कळवतील.

हिशेबनीस | शनिवार, ११:०५

कातळसडा, आधी तिन्ही कोटेशनं एका पातळीवर आणा. पहिले दोन आकडे जवळजवळ नक्कीच जोत्यावरचे असणार. तयार घरांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो त्यात धरलाय का ते बघा. बहुतेक खाली बारीक अक्षरात 'कर वेगळा' असं असतं.

६४० × १,६५० = १०,५६,०००. त्यावर १८ टक्के म्हणजे १,९०,०८०. झाले १२,४६,०८०. आता यात जोतं नाही, सेप्टिक टँक नाही, ट्रेलरचं भाडं नाही, क्रेन नाही, जोडणाऱ्या माणसांचं राहणं-जेवण नाही. बरेचदा वायरिंग 'पॉइंटपर्यंत' असतं आणि मीटरपासून घरापर्यंतची केबल तुमची. पायऱ्या, ओटा, पडवीची फरशी कुणाची, तेही विचारा. माझ्या अंदाजाने सोळा लाखांच्या खाली थांबणार नाही.

गावच्या ठेकेदाराचे २,१०० म्हणजे १३,४४,०००. त्याच्या आकड्यात जोतं असतंच, कारण जोत्याशिवाय घर ही कल्पनाच त्याच्याकडे नाही. तो जीएसटीचं बिल देतो का हा प्रश्न मी विचारत नाही, तुम्हीही इथे उत्तर देऊ नका.

नाशिकची_नलू | शनिवार, ११:४८

आमच्याकडे दिंडोरी रोडला द्राक्षबागेत पफ पॅनेलचं दोन खोल्यांचं घर आहे, सहा वर्षं झाली. मी खूश आहे. एप्रिलमध्ये दुपारी बागेतल्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेववत नाही आणि या घरात पंख्यावर झोप लागते. आमच्या आधी शेजाऱ्यांनी कंटेनरचं घर केलं होतं, ते बघून आम्ही शहाणे झालो. कंटेनर आठ फूट रुंद, आतून जेमतेम सात फूट आठ इंच. उन्हासाठी दोन्ही भिंतींना आतून अस्तर लावलं की सात फुटांवर येतो. पलंग टाकल्यावर माणसाने आडवं चालायचं. त्यांनी नंतर दुसरा कंटेनर शेजारी लावून मधली भिंत कापली, तेव्हा कुठे बसायला जागा झाली. भिंत कापली की मजबुती जाते म्हणून आत परत लोखंडी चौकट घालावी लागली. स्वस्त म्हणून सुरू केलं आणि बंगल्याच्या भावात संपलं.

पफमध्ये एकच त्रास, उंदीर. पॅनेलची कड जिथे उघडी राहते तिथून आत शिरतात आणि फोम कुरतडून घर करतात. खालची कड पत्र्याच्या चॅनलमध्ये बंद करून घ्या, सीलंट भरून घ्या. आमच्या माणसाने एका कोपऱ्यात ते केलं नव्हतं, बरोबर तिथूनच शिरले.

चिरेबंदी | शनिवार, दुपारी १:३०

नाशिक आणि गुहागर यांत फरक आहे हो ताई. तुमच्याकडे वर्षभरात पडतो तेवढा आमच्याकडे जुलैच्या एका चांगल्या आठवड्यात पडतो.

मी याच धंद्यात आहे, लपवत नाही. चिऱ्याच्या भिंतीला काही झालं तर वाडीतला कोणीही गवंडी येऊन नीट करतो. बोर्डाच्या भिंतीत नळाची गळती झाली तर कुणाला बोलावणार? आत पाणी मुरतं, रॉकवूल ओलं होतं, बाहेरून काही दिसत नाही. दिसतं तेव्हा बोर्ड फुगलेला असतो. आणि खारा वारा. आमच्या बाजूला खिडकीच्या ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग काढावा लागतो, तिथे एक मिलीमीटरच्या पत्र्यावर घर उभं करायचं?

तुळई | शनिवार, दुपारी २:५५

स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, दोन्ही प्रकारची कामं केलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चिरेबंदींचा गंजाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. खिडकीचं ग्रिल साध्या लोखंडाचं असतं, त्यावर फक्त रंग. एलजीएसएफचा पत्रा जस्ताच्या लेपाचा असतो. लेप किती, हा खरा प्रश्न. झेड २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. एझेड १५० म्हणजे १५० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम-जस्त मिश्रण. स्वस्त कोटेशनमध्ये झेड १२० घालून मोकळे होतात आणि कागदावर फक्त 'जीआय' लिहितात. समुद्राजवळ हा फरक पैशांच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. तरी पट्टी सहसा आधी गंजत नाही. आधी गंजतात स्क्रू आणि जागेवर ग्राइंडरने कापलेली टोकं, कारण तिथे लेप उडालेला असतो. कापाकापी कारखान्यातच व्हावी आणि साइटवर ग्राइंडर दिसला तर काम थांबवावं, असं मी सांगतो. कुणी ऐकत नाही ते सोडा.

दुसरा मुद्दा वारा. भूकंपात हलकं घर फायद्याचं, कारण जेवढं वजन तेवढाच हिसका. वाऱ्यात उलटं. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४ मीटर धरलाय. ४४चा दाब काढला तर ०.६ × ४४ × ४४, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन, किलोत ११८च्या आसपास. छपरावर हा दाब बराचसा वर ओढणारा असतो, कडांना आणि कोपऱ्यांना आणखी जास्त. ५० मिमी पफच्या छपराचं स्वतःचं वजन चौरस मीटरला दहा-बारा किलो. म्हणजे छप्पर खाली बसून राहतं ते वजनाने नाही, फक्त बोल्टने. त्यामुळे विक्रेत्याला विचारायचा प्रश्न 'किती वर्षं टिकेल' हा नाही. माझ्या गावासाठी वाऱ्याचा वेग किती धरलाय, अँकर बोल्ट किती मिमीचे, जोत्यात किती खोल आणि किती अंतरावर, आणि हे सगळं कोणत्या इंजिनियरच्या सहीने? कागद नसेल तर पुढे बोलू नका.

दापोलीची_वाट | शनिवार, दुपारी ३:२०

वाऱ्याबद्दल आम्हाला विचारा. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या आळीत नुसते पत्रे असलेली छपरं सगळी गेली, कौलारूंची कौलं गेली पण वासे राहिले. स्लॅबवाल्यांनी आम्हाला रात्री झोपायला जागा दिली. तेव्हापासून आमच्याकडे कुणी लग्नाची मुलगी बघायला आलं तरी आधी वर बघतं.

झंप्या | शनिवार, ३:२४

मुलगी वरच्या मजल्यावर असेल :)

रेडिंगकर | शनिवार, सायंकाळी ६:०२

इकडे इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने सुमारे १,५६,००० तयार घरं बसवली. १९४४च्या कायद्याखाली, तात्पुरती, दहा-पंधरा वर्षांसाठी. विमानांचे कारखाने रिकामे होणार होते, तिथे अ‍ॅल्युमिनियमची घरं बनवली. चार तुकड्यांत ट्रकवरून यायची, आत फ्रिज आणि बाथरूम बसवलेलं. त्या काळच्या चाळीतल्या माणसाला तो राजेशाही थाट होता. अंदाजापेक्षा बरीच महाग पडली, पण लोकांनी सोडली नाहीत. लंडनमध्ये कॅटफर्डला अशा घरांची एक वसाहत या शतकातही नांदत होती आणि पाडायला निघाल्यावर रहिवासी भांडले. तेव्हा 'तात्पुरतं' या शिक्क्यावर जाऊ नका.

औसेकर | शनिवार, रात्री ८:१५

रेडिंगकरांनी लिहिलंय ते इंग्लंडातलं. आमचा अनुभव वेगळा, म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. किल्लारीपासून आमचं गाव फार लांब नाही. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि वर मातीचा थर असलेल्या माळवदांखाली. तुळई म्हणतात ते वजनाचं गणित आम्ही डोळ्यांनी बघितलंय. त्यानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. काही महिने म्हणून गेले आणि कितीतरी जास्त राहिले. मराठवाड्याचा मे महिना आणि डोक्यावर पत्रा, त्यात लहान लेकरं. त्या शेडमध्ये राहिलेल्या माणसाला तुम्ही पॅनेल, इन्सुलेशन काहीही समजावून सांगा, तो हात लावून बघतो आणि 'पत्राच आहे' म्हणतो. तुमच्या बाबांचं बोलणं मला त्यामुळे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही.

नवी गावं वसली तेव्हा काँक्रीटची घरं मिळाली, आखीव रस्ते मिळाले. पण गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे ठेवायचा, चूल कुठे मांडायची हे नकाशात नव्हतं. काही वर्षांत प्रत्येकाने पुढेमागे स्वतःच्या हाताने छपरं काढली. नकाशा काढताना आईला जवळ बसवा, एवढंच सांगतो.

सातबारा | शनिवार, रात्री ९:३०

महसूल खात्यातून निवृत्त. परवानगीचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो.

'हे नटबोल्टवर आहे, तात्पुरतं आहे, परवानगी लागत नाही' हे विक्रेत्याचं वाक्य आहे, कायद्याचं नव्हे. माणूस राहणार, संडास बांधणार, वीज घेणार, म्हणजे ते बांधकाम. कातळसडा यांची जागा गावठाणात आहे ही जमेची बाजू. शेतजमिनीत बसवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, फार्महाऊसला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर क्षेत्र लागतं. पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे घेऊन त्यावर केबिन ठेवणारे पुढे अडकतात.

घर झालं की ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नोंद करून घ्या, घरपट्टी लावून घ्या. 'पत्र्याचं आहे' म्हणून टाळू नका. पुढे वादळाने नुकसान झालं तर पंचनाम्यात घर कुठलं, कुणाचं, हे दाखवायला तोच कागद. आणि तलाठ्याला भेटायला जाल तेव्हा तलाठी म्हणू नका, २०२४पासून ते ग्राम महसूल अधिकारी आहेत. काम तेच.

ड्रीमहोम_सोल्युशन_पुणे | शनिवार, रात्री ११:५०

[जाहिरात असल्याने प्रतिसाद काढला आहे. – संपादक]

झंप्या | रविवार, सकाळी ७:३०

एका रात्रीत उभं राहून सकाळी पाडलेलं पहिलं प्रीफॅब आपल्या धाग्यावरच निघालं.

फोर्टफिरस्ता | रविवार, सकाळी ९:१०

थोडं अवांतर. मुंबईत काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन आहे ना, मोडकळीला आलेलं, तेच पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ते प्रीफॅबच. १८६०च्या दशकात बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या, जहाजातून आणल्या आणि इथे जोडल्या. ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंची चलत्‌चित्रं भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवली. म्हणजे टिकण्याचं म्हणाल तर दीडशे वर्षांच्या वर टिकलंय. देखभाल न करण्याचं म्हणाल तर २००५मध्ये त्याचा सज्जाचा भाग कोसळला.

पाटीलबुवा_वाळवा | रविवार, ९:४०

फिरस्ते, भारी माहिती. पण त्यांना गुहागरला हॉटेल नाही काढायचं.

उलवे_सेक्टर | रविवार, १०:०५

आमच्या नोडमध्ये बामणडोंगरीला सिडकोच्या घरांसाठी ९६ दिवसांत ९६ फ्लॅटची इमारत उभी केली होती, २०२२मध्ये, प्रीकास्टने. भिंती, जिने सगळं तयार येत होतं, क्रेनने उचलून बसवत होते. रोज कामावर जाता-येता मजला वाढलेला दिसायचा. तंत्र चालतं की आपल्याकडे! चेन्नईलाही केंद्र सरकारच्या लाइट हाऊस प्रकल्पात १,१५२ घरं प्रीकास्टची झालीत, रांचीला तर आख्ख्या खोल्या ओतून एकमेकांवर ठेवल्या.

तुळई | रविवार, १०:५०

चालतं, पण कशामुळे? ९६ फ्लॅट सारखे होते म्हणून. साचा एकदा केला की त्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, क्रेन रोज कामाला असते. कातळसडांचं एकच घर आहे. क्रेन एका दिवसासाठी चिपळूणहून येणार आणि जाता-येताचे पैसे घेणार. कारखान्याचा फायदा संख्येत असतो, एका घराच्या गिऱ्हाइकाला तो फार मिळत नाही. त्याला मिळतो तो वेळ, आणि भिंती ओळंब्यात.

आपल्या सरकारनेही हे फार आधी करून बघितलंय. फाळणीनंतर निर्वासितांसाठी दिल्लीत १९४८ला गृहनिर्माण कारखाना काढला. ऑटो कोनिग्सबर्गर नावाचे जर्मन वास्तुविशारद त्यामागे होते. हलक्या काँक्रीटची पॅनेल करायची आणि भराभर घरं जोडायची असा बेत. पॅनेलला तडे जायला लागले, खर्चाचं गणित फसलं आणि संसदेत ओरड झाली. कारखाना मात्र बंद झाला नाही. तो रेल्वेचे स्लीपर, विजेचे खांब असलं सारखं-सारखं पुष्कळ लागणारं सामान करत राहिला. पुढे १९७८ला त्याचंच नाव हिंदुस्थान प्रीफॅब झालं.

जर्सीसिटीचा_बंड्या | रविवार, सायंकाळी ७:१५

अमेरिकेत यातले दोन प्रकार लोक गल्लत करून सांगतात. एक मॅन्युफॅक्चर्ड होम, खाली पोलादी चासी असलेलं, १५ जून १९७६पासून केंद्र सरकारच्या वेगळ्या नियमाखाली. दुसरं मॉड्युलर, जे त्या-त्या गावाच्या नेहमीच्या बांधकाम नियमाने बनतं आणि कायम पायावर बसतं. पहिल्याला बरेचदा घराचं कर्ज मिळत नाही, गाडीसारखं कर्ज मिळतं आणि किंमतही गाडीसारखी उतरते. दुसरं साध्या घरासारखंच विकलं जातं. आमच्या ओळखीत एकाने मॉड्युलर घेतलं. क्रेनने एका दिवसात चार तुकडे बसवले, सगळं गाव बघायला. मग पाया, पाणी, गटार, तपासणी, जोडण्या यांत कित्येक महिने. लोकांना फक्त क्रेनचा दिवस आठवतो.

आणि कंपनी टिकेल का तेही बघा. २०१५ला निघालेली कटेरा नावाची कंपनी, अब्जावधी डॉलर घालून घरबांधणीचा कारखाना करायला निघाली होती. २०२१ला दिवाळं. तुमच्या पॅनेलचा साचा ज्याच्याकडे आहे तोच गेला तर खिडकीचं एक झाकणही दुसरीकडे मिळायचं नाही.

कातळसडा | रविवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तुळईंचे प्रश्न दोन्ही विक्रेत्यांना पाठवले. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, फक्त 'साहेब भेटूनच बोलू' असा निरोप. पहिल्याने लेप झेड २७५ असल्याचं लिहून दिलं, वाऱ्याचं गणित ऑर्डर दिल्यावर मिळेल म्हणाला. हिशेबनीस, तुमचा अंदाज बरोबर निघाला, जोतं, सेप्टिक, वाहतूक आणि क्रेन सगळं वेगळं. आता एक नवीन प्रश्न. आणखी एक विक्रेता म्हणतोय, बारा फूट रुंदीची अख्खी तयार खोली ट्रेलरवर आणून ठेवतो, जोडणीचं कामच नाही. हे कसं?

घाटातला_ट्रेलर | रविवार, रात्री १०:०१

या धाग्यावर मी लिहिणार नव्हतो पण आता राहवत नाही. मालवाहतुकीत आयुष्य गेलं.

रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. आठ फुटी कंटेनर त्यात बसतो, बारा फूट बसत नाही. त्याला वेगळी परवानगी, पुढे-मागे गाडी, दिवसाचे ठरलेले तास. हे झालं कागदावर. आता कुंभार्ली घाट डोळ्यासमोर आणा. समोरून एसटी आली की कुणी मागे जायचं? घाट उतरलात, चिपळूण ओलांडलं, गुहागर रस्त्याला लागलात. मग वाडीचा फाटा. तिथे एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी फणस, वर विजेच्या तारा लोंबतायत. चाळीस फुटी ट्रेलर तिथे वळत नाही. आम्ही एकदा अशीच केबिन फाट्यावर उतरवून दिली आणि पार्टीला म्हटलं, इथपर्यंत आमचं काम. पुढे त्यांनी पोकलेनने रस्ता रुंद केला. फणसाच्या मालकाशी त्यांचं अजून बोलणं नाही.

सुट्ट्या पट्ट्या आणि बोर्ड मात्र साध्या ट्रकमध्ये येतात, शेवटचा टप्पा छोट्या टेम्पोत. तुमच्या वाडीला तेच जमेल.

दापोलीची_वाट | रविवार, १०:१५

फणस बरका की कापा?

घाटातला_ट्रेलर | रविवार, १०:१८

कापा. म्हणून तर बोलणं नाही.

नाशिकची_नलू | सोमवार, सकाळी ८:४०

बायकांच्या बाजूने दोन गोष्टी. बोर्डाच्या भिंतीला कुठेही खिळा ठोकून चालत नाही. गीझर, वरची कपाटं, देव्हारा, मिक्सरचा कट्टा कुठे येणार ते आधी ठरवून तिथे आतून प्लाय किंवा पट्टी घालून घ्यावी लागते. नंतर सुचलं तर बोर्ड उघडायचा. पाळणा किंवा झोपाळा टांगायचा असेल तर तेही आधीच सांगा, पंख्याच्या हुकावर झोपाळा नाही चालत. आणि बाथरूमच्या तळाला काँक्रीटच करून घ्या, बोर्डावर फरशी नको.

औसेकरदादा, तुमचं वाचून सासूबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, चूल बाहेर ठेवायला जागा हवीच.

चिरेबंदी | सोमवार, ११:००

एवढं सगळं आधी ठरवायचं, आणि नंतर बदल करायचा नाही. आमच्याकडे मालक भिंत उभी राहिल्यावर येऊन सांगतो, खिडकी पलीकडे हवी. आणि आम्ही करतो.

हिशेबनीस | सोमवार, ११:०९

आणि बिलात लावता.

चिरेबंदी | सोमवार, ११:१२

लावतोच की.

पाटीलबुवा_वाळवा | सोमवार, दुपारी १२:३०

मला एक कळेना. सगळे १,६५० की २,१०० यावर भांडताय. घराच्या खर्चात निम्मं तर आतलं असतं, फरशी, नळ, दारं, वायर. ते सांगाडा कसलाही असला तरी तेवढंच. म्हणजे सांगाड्यात दहा-वीस टक्के वाचले तरी एकूण घरात किती वाचले?

तुळई | सोमवार, दुपारी १:१५

पाटीलबुवा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. म्हणूनच मी गिऱ्हाइकाला सांगतो, प्रीफॅब पैशांसाठी घेऊ नका. दगड-विटांचं काम करणारी माणसंच जिथे मिळत नाहीत, काळ्या मातीत जड भिंतींचा पाया महाग पडतो, गच्चीवर मजला चढवायचाय आणि खालच्या इमारतीवर भार टाकायचा नाही, किंवा दोन पावसांच्या मधल्या फटीतच काम उरकायचंय, तिथे घ्या. कोकणात यातलं शेवटचं कारण खरं आहे, नोव्हेंबर ते मे एवढाच हंगाम. पण सड्यावर खाली कातळ आहे, पायाचा खर्च कमी आहे, आणि चिरा तर अंगणातच निघतो. म्हणजे जड भिंतींचा तुम्हाला काही त्रास नाही.

कातळसडा, तुमची खरी अडचण देखरेखीची आहे. तीही भिंतीपेक्षा छपरात जास्त. स्लॅबला वाळू, खडी, सळई, सेंटरिंग, पाणी मारणं, सगळं नजरेखाली लागतं, आणि चुकलं तर गळती जन्मभर. भिंती चिऱ्याच्या करा, गावातल्याच माणसाकडून. चिऱ्याच्या भिंतीत चोरी करायला फारसा वाव नसतो, दिसतं ते असतं. वर काँक्रीटचा पट्टा सलग फिरवा आणि त्यात बोल्ट सोडा. छप्पर मात्र कारखान्यातलं घ्या: मोजून कापलेल्या गॅल्व्हनाइज्ड कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), वर पफचं पॅनेल किंवा कौल, जे परवडेल ते. ते काही दिवसांत चढतं.

चिरेबंदी | सोमवार, दुपारी २:००

कधी नव्हे ते इंजिनियर आणि मी एकमत. फक्त सलग पट्ट्याला गावात 'कशाला हवा' म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. निसर्ग वादळात ज्यांचे वासे भिंतीसकट उखडले त्यांच्याकडे पट्टा नव्हता.

रेडिंगकर | सोमवार, दुपारी ४:४५

पट्टा आणि सांधे हेच कळीचं. लंडनला १९६८मध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली प्रीकास्ट इमारत नवी कोरी असताना एका गॅसच्या स्फोटाने कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत कोसळली, चार माणसं गेली. पॅनेल भक्कम होती, एकमेकांना धरून नव्हती.

झंप्या | सोमवार, ४:५०

आमच्या सोसायटीची कमिटी.

कातळसडा | मंगळवार, रात्री ९:००

काल बाबांशी बोललो. चिऱ्याच्या भिंती म्हटल्यावर आवाजच बदलला. छप्पर लोखंडी म्हटल्यावर पुन्हा मूळ पदावर. त्यांना कौलंच हवीत. आईला कौलं नकोत, कारण वानर. आमच्याकडे रोज सकाळी टोळी येते, कौलांवरून धावते, वर्षाला शंभरभर कौलं फुटतात आणि शाकारायला माणूस मिळत नाही. आता प्रश्न असा की पफ पॅनेलवर वानर नाचले तर पत्रा दबतो का? विक्रेत्याला विचारलं तर तो हसायला लागला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

दापोलीची_वाट | मंगळवार, ९:१०

थट्टा नाही, आमच्याकडे आधी वानरांचा प्रश्न, मग पावसाचा. पफवर कौलाच्या आकाराचा पत्रा मिळतो, त्याच्या उंचवट्यांवर उड्या मारून आमच्या शेजाऱ्यांकडे पोचे आलेत. गळत नाही, पण दिसतं. आणि आवाज! पहाटे सहाला वाटतं कुणी ढोल वाजवतंय.

तुळई | मंगळवार, ९:४०

वरचा पत्रा ०.५ मिमी घ्या, ०.३५ नको, आणि तो लेप सोडून नुसत्या पोलादाची जाडी ०.५ असायला हवी, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. खालच्या आडव्या पट्ट्यांचं अंतर कमी ठेवा, चार फुटांच्या आत. पोचे कमी येतील. आवाजाला माझ्याकडे उपाय नाही, आईबाबा किती वाजता उठतात?

कातळसडा | मंगळवार, ९:४४

पाचला.